साठ हजारांचं कोटेशन आणि घरात आधीपासून असलेला विमा

प्रकरण हातकणंगले तालुक्यातल्या एका कुटुंबाचं आहे. नाव-गाव मुद्दाम देत नाही, बाकी तपशील जसेच्या तसे आहेत. मी विमा विकत नाही. लोकांचे अर्ज वाचून देणं, अडलेल्या क्लेमची पत्रं लिहून देणं हे काम बरीच वर्षं करतो, आणि त्याच ओळखीतून हे गृहस्थ माझ्याकडे आले होते.

घरात पाच माणसं. घरधनी ४४ वर्षांचे, दुचाकी दुरुस्तीचं छोटं गॅरेज चालवतात. वहिनी ३९ वर्षांच्या, औद्योगिक वसाहतीतल्या तयार कपड्यांच्या कारखान्यात दीड वर्षापासून शिलाई मशीनवर. मुलगी अकरावीला, मुलगा सातवीत. घरधन्यांची आई ७१ वर्षांची, मधुमेह जुना. घरधन्यांना स्वतःला दोन वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू. नवरा-बायकोचं मिळून महिन्याचं उत्पन्न तीस-बत्तीस हजार, आणि त्यातूनच घरकर्जाचा हप्ता जातो.

भावकीत एकाला हृदयविकाराचा झटका आला, उपचारासाठी जमीन गहाण पडली, आणि यांच्या मनात विम्याचं आलं. एका एजंटनं कोटेशन दिलं: पाचही जणांसाठी एकत्र दहा लाखांची फ्लोटर पॉलिसी (सगळ्यांत मिळून एकच विमा रक्कम), हप्ता वर्षाला साठ हजारांच्या थोडा वर. म्हणजे दोन महिन्यांची पूर्ण कमाई. त्यांनी मला विचारलं, "दादा, यापेक्षा स्वस्त कुठली आहे?"

सगळेच हा प्रश्न विचारतात. मात्र सुरुवात तिथून केली की माणूस कंपन्यांची नावं आणि हप्त्यांचे आकडे यांतच फिरत राहतो. या घरात आत्ता, आजच्या तारखेला, कोणकोणतं संरक्षण आहे हे आधी बघायला हवं. विकत घ्यायचं ते फक्त उरलेल्या भोकापुरतं. म्हणून मी त्यांना सांगितलं, घरातले सगळे कागद घेऊन या: बँकेची पासबुकं, पगाराच्या चिठ्ठ्या, रेशनकार्ड, पाचही जणांची आधार कार्डं.

कागदांच्या पिशवीत काय निघालं

पासबुकात दर वर्षी मेअखेरीस दोन रकमा कापलेल्या होत्या, ४३६ रुपये आणि २० रुपये. "हा आमचा विमा आहेच की," असं घरधनी म्हणाले. ४३६ रुपयांची प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना आहे. खातेदार गेला तर वारसाला २ लाख मिळतात. २० रुपयांची सुरक्षा विमा योजना अपघाती मृत्यू किंवा अपंगत्वासाठी. दोन्ही चांगल्या आहेत, चालू ठेवाव्यात. पण हॉस्पिटलच्या बिलातला एक रुपयाही त्यांतून मिळत नाही. विमा आहे या समजुतीत राहिलेली अशी कितीतरी घरं मी पाहिली आहेत.

खरी भर पडली ती वहिनींच्या पगाराच्या चिठ्ठीतून. पगार १४,०००, आणि कपातीच्या रकान्यात भविष्य निर्वाह निधीच्या खाली एक बारीक ओळ: ई.एस.आय. १०५. वहिनी म्हणाल्या, "ते काहीतरी सरकारी कापतात, परत मिळत नाही."

तो कामगार विमा होता. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत, महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो. १४,००० चा पाऊण टक्का म्हणजे बरोबर १०५. मालक वरून सव्वातीन टक्के भरतो. त्या बदल्यात कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला उपचार मिळतात. कुटुंब म्हणजे नवरा किंवा बायको, मुलं आणि अवलंबून असलेले आई-वडील. जुन्या आजाराला इथे प्रतीक्षा काळ (संरक्षण लागू होईपर्यंत थांबायची मुदत) नसतो, आणि वय वाढलं म्हणून वर्गणी वाढत नाही. कोल्हापुरात कामगार विम्याचं स्वतःचं रुग्णालय आहे. दीड वर्ष हे कुटुंब या योजनेत होतं आणि एकदाही दवाखान्यात गेलं नव्हतं, कारण कारखान्यानं वहिनींच्या नावापुढे कुटुंबाची माहितीच भरली नव्हती. ई-पहचान कार्डावर एकट्या वहिनी. कारखान्याच्या कार्यालयात चारही जणांची आधार कार्डं देऊन नवरा आणि मुलांची नावं चढवून घेतली. याला पैसा लागला नाही, फक्त चार वेळा आठवण करावी लागली.

कामगार विम्याची मर्यादाही त्यांना सांगितली. नोकरी सुटली की हे संरक्षण फार काळ टिकत नाही. एप्रिल ते सप्टेंबर भरलेल्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचे लाभ मिळतात, ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरचे. कारखाना बंद पडला तर काही महिन्यांत घर उघडं पडतं. पगार २१,००० च्या वर गेला तरी कधी ना कधी बाहेर पडावंच लागतं. शिवाय नेहमीच्या उपचारांना त्यांच्या दवाखान्यातून चिठ्ठी घेऊन जावं लागतं. एकट्या या विम्यावर सगळी भिस्त ठेवू नये असं माझं मत आहे, पण तो न वापरणं म्हणजे दर महिन्याला पैसे भरून रिकाम्या हाताने राहणं.

रेशनकार्ड केशरी. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना ही मूळची २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी योजना. आधी ती पिवळ्या आणि केशरी कार्डांपुरती होती आणि दीड लाखापर्यंतचे उपचार देत होती. आता केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी ती जोडलेली आहे आणि १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या कार्डासह राज्यातल्या सर्व रेशनकार्डधारक कुटुंबांना लागू आहे. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मोफत. "आमचं उत्पन्न लाखाच्या वर आहे, आम्हाला कुठलं मिळतंय," हे वाक्य मी आजही दर आठवड्याला ऐकतो. ते जुन्या नियमावरचं आहे.

अडचण वेगळीच निघाली. रेशनकार्डावर मुलाचं नाव नव्हतं. बारा वर्षांचा मुलगा, आणि जन्मल्यापासून कुणी तहसीलच्या पुरवठा शाखेत जाऊन नाव घातलं नाही, कारण धान्य मिळत नव्हतं तर नाव कशाला घालायचं असा हिशोब. वहिनींचं आधारवरचं नाव माहेरच्या आडनावानं आणि रेशनकार्डावरचं सासरच्या. अशा विसंगती शांत दिवसात दुरुस्त कराव्यात. माणूस अतिदक्षता विभागात असताना तहसील कार्यालयात रांग लावणं फार कठीण जातं. मुलाचा जन्मदाखला जोडून नाव वाढवलं, बारा अंकी रेशनकार्ड क्रमांक ऑनलाइन दिसतो का ते तपासलं, आणि मग सीएससी केंद्रावर जाऊन पाचही जणांचं आधार ई-केवायसी करून आयुष्मान कार्डं काढली. कार्ड मोफत असतं. गावात एकानं माणशी तीनशे रुपये मागितले होते. द्यायचे नाहीत. मोबाइलवरच्या आयुष्मान अॅपवरूनही कार्ड काढता येतं.

आता आईंचा विषय. साठ हजारांच्या कोटेशनमधला सर्वांत मोठा तुकडा त्यांच्या वयामुळे होता. फ्लोटर पॉलिसीचा हप्ता घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो, त्यामुळे ७१ वर्षांच्या आईला त्यात घातलं की बाकीच्या चौघांचा भावही चढतो. एप्रिल २०२४ पासून विमा कंपन्यांना वयाची वरची अट घालून ज्येष्ठांना नाकारता येत नाही हे खरं, पण त्या वयात, मधुमेहासह, खासगी पॉलिसी महाग पडते आणि मधुमेहाशी संबंधित आजारांना पहिली काही वर्षं काही मिळत नाही.

ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. त्यावर वर्षाला ५ लाखांचे उपचार. घर आधीच योजनेत असेल तर ज्येष्ठांचे हे ५ लाख वेगळे असतात, सत्तरच्या आतल्यांबरोबर वाटून घ्यावे लागत नाहीत. जुना आजार पहिल्या दिवसापासून धरला जातो. लागतं फक्त आधार कार्ड. आईंना हे सांगितलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "माझ्यासाठी कशाला पैसे घालवताय?" पैसे लागत नाहीत म्हटल्यावर त्या अंगठा द्यायला तयार झाल्या, आणि कामानं झिजलेल्या बोटांचे ठसे काही केल्या उमटेनात. शेवटी चेहरा दाखवून ओळख पटवली. अॅपमध्ये ती सोय आहे. हे माहीत नसल्यामुळे "ठसा येत नाही" म्हणून परत पाठवलेली म्हातारी माणसं गावोगाव आहेत.

एवढं होईपर्यंत एक रुपयाही खर्च झाला नव्हता.

मग विकत कशासाठी घ्यायचं

सरकारी योजनांवर मी नाराज नाही. मोठ्या आजारात त्यांनी घरं वाचवलेली मी पाहिली आहेत. पण भोकं कुठे आहेत ते स्पष्ट बघितलं पाहिजे. योजनेत ठरावीक उपचार आहेत. २०२४ मध्ये यादीत १,३५६ उपचार होते, पुढे ती आणखी वाढली. यादीत नसलेला आजार योजनेत बसत नाही. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. आणि रुग्णालय यादीत आहे एवढं पुरत नाही, ते कोणत्या विभागासाठी यादीत आहे हेही बघावं लागतं. या कुटुंबानं एका रविवारी बसून, रात्री-अपरात्री आपण खरोखर कुठे धावतो त्या तीन हॉस्पिटलांची नावं काढली आणि १५५३८८ या योजनेच्या क्रमांकावर फोन करून विचारलं. एक यादीत नव्हतं. एक होतं, पण ठरावीक विभागांसाठीच. तिसरं, घरापासून सर्वांत लांबचं, बहुतेक सगळ्यासाठी होतं.

तेव्हा चित्र असं झालं. आईंचा प्रश्न बराचसा सुटलेला. मोठ्या, यादीतल्या आजारांना पाचही जणांना आधार. कामगार विमा नोकरी असेतोवर. उघडं राहिलेलं म्हणजे घरधनी, वहिनी आणि मुलं यांचे जवळच्या खासगी हॉस्पिटलमधले मधल्या आकाराचे खर्च, आणि एखाद्या मोठ्या आजारात पाच लाखांच्या वरचा भाग. मी म्हटलं, आईंना बाजूला ठेवून चौघांचीच पॉलिसी बघा, आणि दहा लाखांऐवजी पाच लाखांची फ्लोटर घेऊन तिच्यावर सुपर टॉप-अप घाला. सुपर टॉप-अपमध्ये वर्षभरातली एकूण बिलं ठरलेल्या रकमेच्या, इथे पाच लाखांच्या, वर गेली की पुढचे पैसे कंपनी देते. खालचे पाच लाख तिला द्यायचे नसल्याने हप्ता फार कमी असतो.

कोटेशनं तीन मागवली, त्यात एक आरोग्य संजीवनीचं. ही विमा नियामकानं ठरवून दिलेली एकसारखी पॉलिसी १ एप्रिल २०२० पासून सर्व साधारण आणि आरोग्य विमा कंपन्यांना विकावी लागते. अटी सगळीकडे त्याच, हप्ता मात्र कंपनीगणिक वेगळा, त्यामुळे तुलना सोपी. पहिल्यांदा विमा घेणाऱ्याला मी ती आवर्जून दाखवतो. पण तिच्या दोन अटी बिलाच्या दिवशी बोचतात. प्रत्येक क्लेममधले ५ टक्के आपण भरायचे. आणि खोलीचं भाडं दिवसाला विमा रकमेच्या २ टक्के, तेही जास्तीत जास्त ५,००० रुपये.

खोलीभाड्याची ही अट कागदावर निरुपद्रवी दिसते. घरधनी म्हणाले, "वरचे तीन हजार भरू की आपण." म्हणून वहीत मांडून दाखवलं. समजा पाच दिवस ८,००० ची खोली घेतली. बिल एकूण १,६०,०००: खोली ४०,०००, डॉक्टरांची फी आणि ऑपरेशन थिएटर मिळून ९०,०००, औषधं आणि तपासण्या ३०,०००. खोलीचे मंजूर २५,०००. पण खोली पात्रतेपेक्षा महाग घेतल्यामुळे डॉक्टर-थिएटरचा खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे पाच अष्टमांश, धरला जातो: ५६,२५०. औषधं-तपासण्यांना ही कपात लागत नाही, ते ३०,००० पूर्ण. बेरीज १,११,२५०. त्यातून ५ टक्के गेले की हातात साधारण १,०५,७००. खिशातून ५४,३०० रुपये. खोलीचा फरक होता १५,००० चा. वहिनी तो हिशोब बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे खोली घेताना विचारायचं." बरोबर. पॉलिसीत खोलीची मर्यादा असेल तर दाखल होताना तेवढ्याच भाड्याची खोली मागायची.

आणखी एक गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. आरोग्य संजीवनीचा हप्ता देशभर एकच असतो, गावानुसार बदलत नाही. उलट बऱ्याच कंपन्यांच्या इतर पॉलिसींमध्ये शहरांचे विभाग पाडलेले असतात आणि लहान गावातल्या माणसाला हप्ता कमी लागतो. या कुटुंबाच्या बाबतीत, खोलीभाड्याची मर्यादा नसलेली एक साधी पॉलिसी गावाच्या विभागाप्रमाणे आरोग्य संजीवनीपेक्षा अगदी थोडी महाग पडत होती. मात्र अशा पॉलिसीत मुंबईसारख्या महागड्या विभागात उपचार घेतले तर बिलाचा काही टक्के वाटा आपल्याला भरावा लागू शकतो. कोल्हापूरकरांना पुढचा उपचार म्हटलं की पुणं किंवा मुंबईच असते, म्हणून त्या दोन्ही शहरांचं काय, हे लेखी विचारलं.

प्रतीक्षा काळ विचारले. सुरुवातीचे ३० दिवस अपघात सोडून काही नाही. हर्निया, मोतीबिंदू, मूतखडा, सांधेबदल अशा नावांच्या यादीला बहुतेक ठिकाणी दोन वर्षं. आधीपासून असलेल्या आजाराला जास्तीत जास्त ३६ महिने. पूर्वी ही मर्यादा ४८ महिन्यांची होती, २०२४ मध्ये नियामकानं ती खाली आणली. आणि एक तक्ता मागितला, जो एजंट आपणहून देत नाहीत: घरधनी ४६, ५१, ५६ वर्षांचे झाल्यावर आजच्या दरानं हप्ता किती असेल? पहिल्या वर्षी सर्वांत स्वस्त दिसणारी पॉलिसी ४६ व्या वर्षी एकदम उडी मारत होती. घरधन्यांना तिथं पोचायला दोन वर्षं होती. ती बाद केली.

बाकी जाहिरातीतल्या गोष्टी, मोफत वार्षिक तपासणी, व्यायामाचे गुण, कलम ८०डी ची करसवलत, यांवर वेळ घालवला नाही. या घराला आयकरच लागत नाही.

अर्जातला तो रकाना

माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा कणा इथे आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

पहिल्या एजंटनं अर्ज जवळजवळ भरून आणला होता. आजारांच्या पानावर वीस-बावीस प्रश्न, आणि प्रत्येकापुढे "नाही". उच्च रक्तदाब आहे का, नाही. नियमित औषध चालू आहे का, नाही. घरधन्यांच्या शर्टाच्या खिशात त्या क्षणी गोळ्यांची पट्टी होती, सकाळची गोळी काढलेली. मी ती टेबलावर ठेवायला सांगितली. एजंट म्हणाला, "बीपी लिहिलं की पॉलिसी निघत नाही बघा. आणि निघाली तरी हप्ता वाढवतात. सगळे असंच भरतात."

सगळे असंच भरतात हे दुर्दैवानं खरं आहे. क्लेम फेटाळल्याची जी पत्रं माझ्यापुढे येतात त्यांत "माहिती लपवली" हे कारण वारंवार असतं. कंपनी हॉस्पिटलचे जुने कागद मागवते, डॉक्टरांनी दाखल करताना लिहिलेलं असतं, "दोन वर्षांपासून रक्तदाब, औषध चालू," आणि अर्जात लिहिलेलं असतं "नाही". अर्ज एजंटनं भरला हे सांगून उपयोग होत नाही. मोबाइलवर आलेला ओटीपी आपण दिलेला असतो, आणि त्या ओटीपीचा अर्थ वरची सर्व माहिती मी वाचली आणि ती खरी आहे असा होतो. ती एक सही आहे. सलग ६० महिने पॉलिसी चालली की सिद्ध झालेली फसवणूक सोडून इतर कारणानं, माहिती दिली नाही म्हणून, क्लेम नाकारता येत नाही असा नियम आहे. पण त्या भरवशावर पाच वर्षं आजारी न पडण्याची पैज कोण लावणार? आणि मुद्दाम लपवलेला आजार फसवणुकीत धरला जाणार नाही याची हमी कोण देणार?

दुसरा अर्ज घरधन्यांनी स्वतः भरला, मी शेजारी बसलो. रक्तदाब कधी कळला, महिना आणि वर्ष. गोळीचं नाव, ताकद. शेवटचं मोजमाप. वहिनींना मुलाच्या वेळी सिझेरियन झालं होतं, तेही लिहिलं. मुलीला लहानपणी झटके आले होते, एकदाच, नंतर औषध नाही. तिचे बाबा थबकले. "हे लिहिलं तर?" लिहिलं. जुनं डिस्चार्ज कार्ड जोडलं.

आठवडाभरात कंपनीच्या डॉक्टरांचा फोन आला. घरधन्यांना गोळीबद्दल, तंबाखूबद्दल, वजनाबद्दल विचारलं. रक्ताच्या तपासण्या आणि ईसीजी करायला सांगितलं. नंतर प्रस्ताव आला: रक्तदाबामुळे हप्त्यात वाढ, आणि रक्तदाबाशी संबंधित आजारांना ३६ महिने प्रतीक्षा. मुलीच्या जुन्या झटक्यांबद्दल काहीही अट नाही. पंधरा हजारांच्या आसपासचा हप्ता सोळा हजार सहाशेवर गेला. सुपर टॉप-अपचे तीन हजार नऊशे. वर जीएसटी नाही, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी काढून टाकलेला आहे. दोन्ही मिळून साडेवीस हजार.

तेवढेही एकरकमी जड होते. महिन्याच्या हप्त्यात भरायची सोय असते, पण तिथे हप्ता चुकला तर सवलतीचे दिवस फक्त १५ मिळतात, वार्षिक भरणाऱ्याला ३०. गॅरेजच्या धंद्यात पावसाळ्यात हात आखडतो. वहिनींनी तोडगा काढला. कारखान्यातल्या बायकांची भिशी आहे, तिचा आपला नंबर पॉलिसीच्या नूतनीकरणाच्या महिन्यात लावून घेतला. मला हा उपाय कोणत्याही मोबाइल अॅपच्या आठवणीपेक्षा पक्का वाटतो.

पॉलिसी हाती आल्यावर

पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत ती न आवडल्यास परत करता येते. या दिवसांचा उपयोग वाचण्यासाठी करायचा. सोबत ग्राहक माहिती पत्रक येतं, दोन-चार पानांत सगळ्या अटी असलेलं. ते मराठीतही मागता येतं, आम्ही मागितलं. त्यात मुलाची जन्मतारीख चुकलेली सापडली आणि रक्तदाबाचा उल्लेख अर्जाप्रमाणे बरोबर आहे याची खात्री झाली. तारीख ई-मेल पाठवून दुरुस्त करून घेतली. पॉलिसीचं कार्ड, आयुष्मान कार्डं, ई-पहचान कार्ड, तिन्हींची छायाचित्रं घरातल्या प्रत्येक मोबाइलमध्ये, मुलीच्याही. कुठे काय वापरायचं ते एका कागदावर लिहून फ्रिजच्या दाराला लावलं.

कॅशलेसचा, म्हणजे बिल कंपनीनं थेट हॉस्पिटलला भरायचा, अर्ज हॉस्पिटलनं पाठवल्यावर कंपनीनं एका तासात निर्णय द्यायचा आणि सोडताना अंतिम मंजुरी तीन तासांत, असा २०२४ पासूनचा नियम आहे. तेही त्या कागदावर लिहिलं, कारण हॉस्पिटलच्या बिल खिडकीवर हे माहीत असलेला माणूस वेगळ्या आवाजात बोलतो. क्लेम नाकारलाच तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी, ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे. कोल्हापूर जिल्ह्यासाठी पुण्याचं कार्यालय. फी नाही, वकील लागत नाही.

चार महिन्यांनी

परीक्षा आईंनीच घेतली. न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. जवळचं हॉस्पिटल योजनेत नव्हतं. आधी तिथे नेऊ आणि मग बघू असं शेजारी म्हणत होते. मुलीनं फ्रिजवरचा कागद वाचला आणि १०८ ला फोन करून आजीला थेट यादीतल्या, अस्थिरोग विभाग योजनेत असलेल्या कोल्हापुरातल्या हॉस्पिटलात नेलं. हाच निर्णय सर्वांत महत्त्वाचा ठरला. चुकीच्या ठिकाणी दाखल होऊन ऑपरेशनची तारीख ठरली की मग म्हातारं माणूस हलवायला कुणी धजत नाही.

स्वागतकक्षात पन्नास हजार डिपॉझिट मागितलं. घरधन्यांनी पैशाचं काही न बोलता "आरोग्यमित्र कुठे बसतात?" एवढंच विचारलं. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं, टेबल असतं, ते शोधणं हे नातेवाइकाचं पहिलं काम. वय वंदना कार्ड आणि आधार दिलं, मंजुरी आली, डिपॉझिटचा विषय तिथेच संपला. मधुमेहामुळे साखर आटोक्यात येईपर्यंत दोन दिवस थांबावं लागलं, मग ऑपरेशन झालं. रुग्णालयातली औषधं, आत घातलेलं रोपण, आईंचं जेवण, घरी सोडल्यानंतरच्या १५ दिवसांची औषधं, सगळं योजनेत. खिशातून गेले ते वॉकरचे, घरी परत आणायच्या गाडीचे आणि सोबत राहणाऱ्यांच्या जेवणाखाण्याचे. साडेवीस हजारांच्या पॉलिसीत आई नव्हत्याच, आणि तिची गरजही पडली नाही.

पहिल्या एजंटच्या पॉलिसीत, "नाही-नाही" लिहिलेल्या अर्जावर, याच बाई असत्या तर मधुमेह लपवल्याचा मुद्दा निघाला असता का? मला वाटतं, निघाला असता.

अजून काही गोष्टी मोकळ्या आहेत. आईंच्या मधुमेहाच्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च कोणत्याच योजनेत बसत नाही. डॉक्टरांना विचारून त्या जनऔषधी केंद्रातून घ्यायला सुरुवात केली, तेव्हा तो निम्म्याहून खाली आला. वहिनींच्या कारखान्यात कामगारकपातीची कुजबुज आहे. मुलीला पुढे पुण्यात शिकायला जायचं आहे, तिथे पॉलिसीचा शहर-विभाग बदलतो का हे कंपनीला लेखी विचारलं आहे, उत्तर यायचं आहे. ते प्रतिकूल आलं तर दुसऱ्या कंपनीकडे पॉलिसी नेता येईल. त्यात रक्तदाबाच्या ३६ महिन्यांतले सरलेले महिने वाया जात नाहीत, पण अर्ज नूतनीकरणाच्या निदान ४५ दिवस आधी द्यावा लागतो. ती तारीख वहिनींनी भिशीच्या वहीत लिहून ठेवली आहे.